लॅपटॉपला नवं वायफाय कार्ड: निवड, बसवणी आणि सेटिंग

"मामा, ह्यो लॅपटॉप वायफाय धरंना झालाय. फोन धरतोय, ह्योच तेवढा धरंना."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खानापूरहून भाचीचा फोन आला. लॅपटॉप सहा वर्षांचा, बाकी ठणठणीत. सोप्यात राउटर, माजघरात तिचं टेबल, मधे जांभ्या दगडाची दीड हात जाडीची भिंत. एका दुकानात दाखवला तर "नवाच घ्या" असा सल्ला मिळाला. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सुरू असताना घरच्यांना हा खर्च किती जड जातो ते मला ठाऊक आहे. तिला म्हटलं, "रविवारी बेळगावला घेऊन ये. पैसे कुणाला देऊ नकोस."

दुरुस्तीचं टेबल हाच माझा रोजचा धंदा. नुसतं वायफाय गेलं म्हणून लॅपटॉप बाजूला टाकलेला पाहिला की खरंच वाईट वाटतं. ते कार्ड म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी पट्टी: एक स्क्रू, एक किंवा दोन तारा. बसवायला दहा मिनिटं पुरतात. वेळ लागतो योग्य कार्ड हुडकायला, आणि खरी काळजी घ्यावी लागते ती त्या तारांची.

आधी खात्री करा

राउटरपासून चार पावलांवर बसा, मधे भिंत नको. फोनवर नेट नीट चालतंय आणि लॅपटॉपवर नाही, तर दोष लॅपटॉपचा. दोन्हीकडे चालत नसेल तर राउटर किंवा लाइन बघा, लॅपटॉपला हात लावू नका.

आता स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली बघा. वायफायचं नावच नसेल तर कार्ड मेलंय, सैल झालंय किंवा बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद आहे. नाव आहे पण पिवळं चिन्ह आलंय, तर आधी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तपासा. नाव आहे, चिन्ह नाही, तरी चार पावलांवरसुद्धा सिग्नलची एकच दांडी दिसते, तर संशय अँटेनाच्या तारेवर घ्या. यासाठी माझी एक साधी चाचणी आहे. झाकण हळूहळू मागेपुढे करायचं आणि दांड्या कमीजास्त होतात का ते पाहायचं. अँटेना बहुधा स्क्रीनच्या वरच्या कडेला असते आणि तिची तार बिजागरीतून खाली येते. वर्षानुवर्षं उघडझाप होऊन ती तिथे पिचते. अशा लॅपटॉपला कितीही भारी कार्ड घातलं तरी फरक पडत नाही.

भाचीच्या लॅपटॉपमध्ये कार्डाचं नाव कधी दिसायचं, कधी गायब व्हायचं. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना ओल म्हणजे काय ते सांगायला नको. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसला तर नवल नाही. पहिल्यांदा मी कार्ड काढलं, पट्ट्यांवरून मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत बसवलं. आठ दिवस चाललं, पुन्हा गेलं. तेव्हा कार्ड बदलायचं ठरवलं. तुम्हीही हा पुसण्याचा उपाय आधी करून बघा, त्याला काही खर्च नाही.

कार्ड निवडणं

चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. ऑनलाइन स्वस्त दिसलं म्हणून मागवायचं आणि मग ते बसत नाही, बसलं तर चालत नाही.

पहिला प्रश्न आकाराचा. साधारण दहा वर्षांहून जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा 'मिनी पीसीआय एक्स्प्रेस'चं अर्धं कार्ड असतं, जवळपास चौकोनी, २६.८ बाय ३० मिलिमीटर. त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये 'एम डॉट टू २२३०' असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब. या दोन्हींच्या तारांच्या टोपणांचा आकारही वेगळा. मिनी कार्डाची टोपणं मोठी, एम डॉट टूची बारीक, एकाची दुसऱ्याला लागत नाहीत. एसएसडीचा (फायली साठवणाऱ्या पट्टीचा) स्लॉटही एम डॉट टू म्हणवतो, पण त्याची खाच वेगळ्या जागी असते. वायफाय कार्ड तिथे बसत नाही आणि बळाने बसवूही नका. काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड मदरबोर्डावरच झाळलेलं असतं. तिथे हा सगळा खटाटोप सोडा आणि यूएसबीचं छोटं वायफाय अडॅप्टर घ्या.

दुसरा प्रश्न आकाराहून महत्त्वाचा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीच्या सुमारापासून 'सीएनव्हीआय' नावाची पद्धत आली. तीत वायफायचा अर्धा मेंदू प्रोसेसरच्या बाजूला असतो आणि कार्डावर फक्त रेडिओचा भाग. असं कार्ड ही पद्धत नसलेल्या लॅपटॉपमध्ये घातलं तर खाचेत छान बसतं, स्क्रूही लागतो, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये उमटत नाही. उद्यमबागेत नोकरी करणारा एक मुलगा एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपसाठी एएक्स२०१ हे इंटेलचं सीएनव्हीआय कार्ड घेऊन आला होता. डबा फोडलेला, परत करायची मुदत संपलेली. कार्डात काही दोष नव्हता, त्याच्या लॅपटॉपला ते कधीच चालणार नव्हतं. त्याचा चेहरा अजून आठवतो.

इंटेलच्या एएक्स जोड्यांसाठी एक खूण लक्षात ठेवा. एएक्स२०० आणि एएक्स२१०, शेवटी शून्य, ही साधी पीसीआयई कार्डं, म्हणजे सगळा मेंदू कार्डावरच, बहुतेक ठिकाणी चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११, शेवटी एक, ही सीएनव्हीआय. त्याआधीच्या जोडीत ९२६० हे पीसीआयई आणि ९५६० हे सीएनव्हीआय. तुमच्या लॅपटॉपमध्ये आधीपासून सीएनव्हीआय कार्ड असेल तर त्याच क्रमांकाचं कार्ड घेणं सर्वांत सुरक्षित. एएमडीचा लॅपटॉप असेल तर एएक्स२१० किंवा मीडियाटेकचं एमटी७९२१ बघा.

तिसरा प्रश्न तारा किती. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एकच अँटेना असते. दोन तारांचं कार्ड तिथे एका तारेवर चालतं, पण निम्म्या वेगाने. आकड्यांत सांगायचं तर वायफायच्या जुन्या 'एन' पिढीच्या कार्डाचा २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर (लहरीच्या पट्ट्यावर) एका तारेवरचा कमाल वेग सेकंदाला ७२ मेगाबिट. पुढच्या 'एसी' कार्डाचा ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर एका तारेवर ४३३, दोन तारांवर ८६७. 'एएक्स' म्हणजे वायफाय ६ चा तेवढ्याच चॅनेलवर दोन तारांवर १२०१. हे लिंकचे, म्हणजे कार्ड आणि राउटरमधल्या जोडणीचे आकडे आहेत, हाती येतं ते साधारण निम्मं. घरातली लाइन ५० मेगाबिटची असेल तर १२०१ च्या मागे लागून काही मिळणार नाही. पण ७२ वरून ४३३ वर गेलात तर फरक पहिल्याच दिवशी जाणवेल.

चौथा प्रश्न फक्त जुन्यांसाठी. जुन्या थिंकपॅड आणि एचपी लॅपटॉपच्या बायॉसमध्ये मान्य कार्डांची यादी असायची. यादीबाहेरचं कार्ड घातलं की थिंकपॅड '१८०२' क्रमांकाची आणि एचपी '१०४' क्रमांकाची सूचना दाखवून अडून बसतो. कार्ड काढलं की पूर्ववत होतो, घाबरायचं कारण नाही. अशा लॅपटॉपला त्याच कंपनीच्या सुट्या भागाचा क्रमांक असलेलं कार्ड हुडकावं लागतं.

शेवटी विंडोजचं बघा. एएक्स२१० ला ६४ बिटचं विंडोज १० किंवा ११ लागतं. विंडोज ७ वर ते चालणार नाही. लिनक्स असेल तर एएक्स२०० साठी कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१ आणि एएक्स२१० साठी ५.१० किंवा पुढचा हवा.

उघडण्याआधी ड्रायव्हर

हे आधीच करा, कारण कार्ड बदलल्यावर नेट नसेल आणि नेटशिवाय ड्रायव्हर कुठून आणणार? लॅपटॉपच्या किंवा चिपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून वायफाय आणि ब्लूटूथ असे दोन्ही ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या. ते वेगवेगळे असतात, कारण एकाच कार्डावर असूनही वायफाय पीसीआयईवरून चालतं आणि ब्लूटूथ यूएसबीवरून.

पेन ड्राइव्ह नसेल तरी अडत नाही. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोज फोनलाच नेटवर्क कार्ड समजून नेट घेतं. नवं कार्ड येईपर्यंतचे चार-पाच दिवस भाचीचा अभ्यास यावरच चालला.

उघडणं

लॅपटॉप हमीत असेल तर उघडू नका, हमीतच दुरुस्त करून घ्या.

बंद करताना शिफ्टची कळ दाबून धरा आणि मग 'शट डाउन' निवडा. नुसतं शट डाउन केलं तर 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि नव्या कार्डाची कधीकधी नीट ओळख होत नाही. चार्जर काढा.

टेबल लाकडी, उजेड भरपूर. चादर किंवा सतरंजीवर काम नको. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत तर अंगात स्थिर वीज सहज साठते, तेव्हा सुती कपडे घाला आणि आत हात घालण्याआधी खिडकीच्या उघड्या लोखंडी गजाला स्पर्श करा. गजावर रंग असेल तर उपयोग नाही.

खालच्या झाकणाचे स्क्रू काढायला बहुधा पीएच० किंवा पीएच०० मापाचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर लागतो. एक-दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, राहिलेला स्क्रू शोधा. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या कीबोर्डाच्या पत्र्याला टेंगूळ येतं. मी पुठ्ठ्यावर लॅपटॉपची चौकट काढतो आणि जो स्क्रू जिथला, तिथेच टोचून ठेवतो. फटीत जुनं सिमकार्ड सरकवत कडेने फिरलं की एकेक आकडी टक् टक् सुटत जाते. धातूची पट्टी वापरू नका.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीची जोडणी काढणं. जोडणीची टोपी नखाने दोन्ही बाजूंनी थोडी थोडी सरकवा, तारा धरून ओढू नका. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज निघून जाईल. हा टप्पा गाळून आत हात घालू नका.

त्या दोन तारा

आता मोबाइलवर कार्डाचा जवळून फोटो काढा. कुठली तार कुठे आहे ते स्पष्ट दिसलं पाहिजे. कार्डावर तारांच्या जागी १ आणि २, किंवा पांढरा आणि काळा त्रिकोण असतो. पांढरा म्हणजे मुख्य, काळा म्हणजे दुय्यम. तारांचे रंग मात्र कंपनीगणिक बदलतात, म्हणून रंग पाठ करण्यापेक्षा फोटोवर विसंबा.

तारेच्या टोकाला मसुराच्या डाळीएवढं गोल पितळी टोपण असतं. ते कार्डावरच्या बारीक खुंटीवर दाबून बसवलेलं असतं. काढायचं ते सरळ वर, कडेला नाही. टोपणाच्या कडेखाली प्लास्टिकची चिमटी किंवा नख घालायचं आणि वर उचलायचं. तार धरून ओढली तर टोपण तारेतून निखळतं. तिरकं उचललं तर कार्डावरची खुंटी वाकते. मी नवा होतो तेव्हा एका शिक्षकांच्या लॅपटॉपची तार घाईत ओढली आणि टोपण हातात आलं. मग स्क्रीनची चौकट उघडून, बिजागरीतून नवी तार ओवून आणायला अर्धा दिवस गेला. त्यांनी एक शब्दही बोलला नाही, पण त्या दिवसापासून या तारांजवळ मी घाई करत नाही. ही टोपणं साधारण ३० वेळा काढघाल करण्यापुरतीच बनवलेली असतात, म्हणून "जरा बघू" म्हणून पुन्हा पुन्हा काढू नका.

तारा सुटल्या की कार्डाचा एकुलता एक स्क्रू काढा. कार्ड आपोआप तिरकं वर उठतं. त्याच तिरक्या कोनात बाहेर ओढा. नवं कार्डही तसंच तिरकं घालायचं, खाच जुळवून, सोनेरी पट्ट्या आत जाईपर्यंत. मग खाली दाबून स्क्रू लावायचा, हाताला अडला की थांबायचं.

तारा बसवताना टोपण खुंटीच्या अगदी वर आणा आणि जागेवर आहे याची बोटाला खात्री पटल्यावर अंगठ्याने सरळ खाली दाबा. बारीकशी टिक् लागते. टोपण जागेवर नसताना दाबलं तर ते चेपतं आणि पुन्हा कधीच नीट बसत नाही. एकच तार असेल तर आधी मुख्य खुंटीवर लावा. कार्डाला एकच खुंटी असून दुसरी तार रिकामी राहिली असेल तर तिच्या टोकाला टेप गुंडाळा, पितळ मदरबोर्डाला टेकता कामा नये. तारा आधी ज्या खोबणीतून गेल्या होत्या त्याच खोबणीतून न्या, नाहीतर झाकणाखाली चिरडतील.

बॅटरी जोडा आणि झाकण नुसतं टेकवून एकदा चालू करून बघा. कार्ड दिसलं की बंद करा, सगळे स्क्रू लावा.

चालू झाल्यावर

पेन ड्राइव्हवरचे ड्रायव्हर घाला, पुन्हा सुरू करा. 'अननोन डिव्हाइस' असंच दिसत असेल तर त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डीटेल्स'खाली 'हार्डवेअर आयडीज' बघा. तिथे 'व्हेन'नंतर ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे एथेरॉस-क्वालकॉम. यावरून नेमका ड्रायव्हर हुडकता येतो.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर डबल क्लिक करून 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जा. इथली प्रत्येक ओळ बदलायची गरज नाही. 'प्रिफर्ड बँड' (राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींपैकी आधी कुठली धरायची ते) ५ गिगाहर्ट्झ करा, राउटर त्याच खोलीत असेल तर. '२.४ गिगाहर्ट्झ चॅनेल विड्थ' २० मेगाहर्ट्झ ठेवा, खडे बाजार किंवा शहापूरसारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राउटर इतके असतात की रुंद चॅनेलला जागाच मिळत नाही. 'पॉवर मॅनेजमेंट'मधली वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी काढून टाका. दर दहा मिनिटांनी नेट तुटतं अशी तक्रार बऱ्याचदा एवढ्यानेच मिटते.

राउटरवर २.४ गिगाहर्ट्झला १, ६ किंवा ११ चॅनेल ठेवा. ५ गिगाहर्ट्झला ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यातला एखादा घ्या. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात आणि रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो, तेवढा वेळ नेट जातं.

गावाकडे अनेकांचं नेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. अशा वेळी त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगणारी सेटिंग) चालू करायलाच हवं. नाहीतर दिवसाचा डेटा विंडोजच्या अपडेटमध्ये सकाळीच संपतो आणि मुलांच्या हाती काही उरत नाही. चंदगडच्या अंगाला असलेल्या गावांत फोन कधी कर्नाटकचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा. हॉटस्पॉट मधेच अडखळला तर कार्डाला दोष देण्याआधी फोनवर कुठलं नेटवर्क दिसतंय ते बघा.

कार्ड दिसत नसेल तर क्रमाने तपासा: फ्लाइट मोड, लॅपटॉपच्या कडेचं वायफायचं जुनं बटण असेल तर ते, बायॉसमधलं वायरलेस, मग कार्ड काढून पुन्हा बसवणं. वायफाय चालतंय पण ब्लूटूथ नाही, तर ब्लूटूथचा ड्रायव्हर राहिलाय. काही जुन्या मिनी स्लॉटना यूएसबीची तार दिलेलीच नसते, तिथे ब्लूटूथ मिळणार नाही.

भाचीच्या लॅपटॉपला एकच अँटेना निघाली. नवं कार्ड मुख्य खुंटीवर बसवलं आणि माझ्या टेबलावर ५ गिगाहर्ट्झवर लिंक ४३३ दाखवू लागली. जुन्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नव्हतं. पण घरी गेल्यावर तिचा पुन्हा फोन आला, "मामा, सोप्यात पळतंय, माजघरात परत मंद." हे कार्डाच्या हातातलं नव्हतं. ५ गिगाहर्ट्झची लहर दीड हात जांभ्यातून फारशी पार होत नाही, २.४ ची त्या मानाने बरी जाते. वायर थोडी वाढवून तिच्या बाबांनी राउटर सोपा आणि माजघर यांच्या मधल्या दाराच्या चौकटीवर टांगला. आता दोन्हीकडे ५ गिगाहर्ट्झ मिळतं, फक्त परसात जाताना ती २.४ वर येते.

काढलेलं जुनं कार्ड मी तिच्याकडेच दिलंय, कागदाच्या पाकिटात, वर लॅपटॉपचा मॉडेल नंबर लिहून. नवं कार्ड सगळा पावसाळा नीट चालेपर्यंत ते फेकायचं नाही.